उपकरणे आणि ॲप जोडणाऱ्या वेबसेवा : जोडणीआधीचा विचार

एखाद्या ॲपमध्ये किंवा उपकरणात काही घडले की त्याची खबर दुसऱ्या ॲपला देऊन तिथे ठरवून दिलेले काम आपोआप करवून घेणाऱ्या वेबसेवा गेल्या पंधरा वर्षांत इतक्या सोप्या झाल्या आहेत, की प्रोग्रामिंगचा गंध नसलेला माणूसही त्या वापरू शकतो. याहू कंपनीने २००७ साली ‘पाइप्स’ या नावाने अशा जोडणीची पहिली लोकप्रिय मांडणी आणली होती. पडद्यावरच्या चौकटी रेषांनी जोडून वेगवेगळ्या संकेतस्थळांवरची माहिती तीत एकत्र करता येई. २०१० च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लिंडन टिबेट्स यांनी ‘आयएफटीटीटी’ ही सेवा जाहीर केली आणि ‘हे घडले तर ते कर’ या एका वाक्यात जोडणीचे सारे तर्कशास्त्र बसवले. २०११ मध्ये कार्यालयीन कामांवर भर देणारी ‘झॅपियर’ सुरू झाली, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आज ‘पॉवर ऑटोमेट’ या नावाने ओळखली जाणारी सेवा आणली, आणि हे सारे स्वतःच्याच संगणकावर चालवू इच्छिणाऱ्यांसाठी २०१३ पासून ‘नोड-रेड’ व ‘होम असिस्टंट’ आणि २०१९ पासून ‘एन-एट-एन’ असे पर्याय उभे राहिले.

या सेवांची ओळख करून देणारे लेखन बहुतेक वेळा नियम कसा तयार करावा हे सांगून थांबते. वास्तविक नियम तयार करणे हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. दहा मिनिटांत जोडलेला नियम पुढे दोन-तीन वर्षे कोणाचेही लक्ष नसताना चालत राहतो, त्यावर माणसे विसंबू लागतात आणि ज्या दिवशी तो थांबतो त्या दिवशी तो थांबल्याचे कोणालाच कळत नाही. म्हणून कोणतीही जोडणी करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत, असे या लेखाचे आग्रहाचे सांगणे आहे : हा नियम बंद पडला तर ते कोणाला आणि कसे कळेल, आणि तोवर ते काम हाताने कसे चालेल. ज्या जोडणीबाबत ही उत्तरे मिळत नाहीत, ती जोडणी गमतीपुरती ठेवावी. पाणी, वीज, पैसा किंवा कुलूप यांच्याशी तिचा संबंध येऊ देऊ नये.

घटना, कृती आणि मधला निरोप्या

प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात. ज्या घटनेमुळे नियम जागा होतो तिला ट्रिगर म्हणतात, आणि त्यानंतर जे काम होते त्याला ॲक्शन म्हणतात. ‘अर्ज भरला गेला’ हा ट्रिगर आणि ‘त्याची नोंद तक्त्यात कर’ ही ॲक्शन, असे हे साधे नाते आहे. दोन्ही टोकांच्या सेवा परस्परांना ओळखत नसतात. मधली वेबसेवा त्या दोघींशी त्यांच्या त्यांच्या एपीआयमार्फत बोलते. एपीआय म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसऱ्या प्रणालीसाठी उघडी ठेवलेली, काय मागता येईल आणि कोणत्या रूपात मागावे हे नेमके ठरवून दिलेली वाट. एखाद्या सेवेचा एपीआय ज्या गोष्टी देत नाही त्या गोष्टी मधल्या सेवेलाही मिळत नाहीत, हे लक्षात ठेवले तर ‘अमुक बटण ॲपमध्ये दिसते, मग नियमात का दिसत नाही’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

घटना घडल्याचे मधल्या सेवेला कळते तरी कसे, हा पुढचा मुद्दा असून व्यवहारात तो फार महत्त्वाचा आहे. पहिल्या पद्धतीत मधली सेवा ठरावीक वेळाने स्वतः जाऊन ‘काही नवे आहे का’ असे विचारते. याला पोलिंग म्हणतात. हे विचारणे मोफत योजनांमध्ये पंधरा मिनिटांनी, काही ठिकाणी तर तासाभराने होते, त्यामुळे नियम बरोबर असूनही निरोप उशिरा येतो आणि नवखा वापरकर्ता नियमातच चूक शोधत बसतो. दुसऱ्या पद्धतीत घटना जिथे घडते ती सेवाच आधी दिलेल्या वेबपत्त्यावर तत्काळ खबर पाठवते. या पद्धतीला वेबहुक असे नाव असून ते २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी रूढ केले. दाराचा सेन्सर, धुराचा इशारा, पाण्याची गळती अशा क्षणाक्षणाला महत्त्व असलेल्या कामांसाठी वेबहुक किंवा त्यासारखी तत्काळ पद्धतच घ्यावी. रोजचा हिशेब, हवामानाची नोंद, आलेल्या अर्जांची यादी यांसाठी पोलिंग पुरेसे होते.

एका टाकीचे उदाहरण

पुण्या-ठाण्यातल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या गच्चीवरील टाकीतले पाणी कमी झाले की समितीच्या सभासदांना संदेश जावा आणि दिवसभराच्या पातळीची नोंद तक्त्यात व्हावी, अशी अपेक्षा धरून पाहिली तर या क्षेत्रातल्या बहुतेक अडचणी एकाच जागी भेटतात. पातळी मोजण्यासाठी टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासोनिक सेन्सर बसवतात. तो ऐकू न येणारा ध्वनी सोडतो, पाण्यावरून परत आलेला प्रतिध्वनी टिपतो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. म्हणजे तो पाण्याची पातळी मोजत नसून झाकणापासून पाण्यापर्यंतची रिकामी जागा मोजतो. पाण्याच्या वाफेला टिकणारे स्वस्त सेन्सर साधारण २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचे अंतर नीट मोजू शकत नाहीत, त्यामुळे टाकी काठोकाठ भरलेली असताना ते हमखास चुकीचा आकडा देतात. सेन्सर पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेपासून ३० सेंटिमीटर वर बसवला आणि पाण्याची उपयुक्त खोली १५० सेंटिमीटर धरली, तर ३० सेंटिमीटर अंतर म्हणजे भरलेली टाकी, १८० म्हणजे रिकामी टाकी आणि १५० म्हणजे २० टक्के पाणी, असा हिशेब बसतो. टाकीतल्या शिडीवरून किंवा आत येणाऱ्या पाइपवरून ध्वनी परतला तर मधेच एखादा आकडा भलताच येतो. म्हणून लागोपाठ पाच वाचने घेऊन, ती चढत्या क्रमाने लावून, मधले वाचन धरावे. सरासरी काढली तर एक भलता आकडा सगळा हिशेब बिघडवतो, मधले वाचन घेतले तर तो आपोआप बाजूला पडतो.

आता ‘पातळी २० टक्क्यांखाली गेली तर संदेश पाठव’ असा नियम लिहिला की पहिल्याच दिवशी त्रास सुरू होतो. पाण्यावर तरंग असतात, नळ उघडझाप होत असतात, आणि आकडा १९, २१, १९, २० असा खालीवर होत राहतो. प्रत्येक वेळी रेषा ओलांडली गेली की एक नवा संदेश जातो. दहा-बारा संदेश एकापाठोपाठ आले की सभासद सूचनेचा आवाज बंद करून टाकतात, आणि तिथेच ही सारी व्यवस्था निकामी होते. यावर उपाय दोन रेषांचा आहे : २० टक्क्यांखाली गेल्यावर एकदाच इशारा द्यावा आणि पातळी पुन्हा ३५ टक्क्यांवर चढेपर्यंत दुसरा देऊ नये. हे करायचे तर ‘इशारा दिलेला आहे’ ही गोष्ट कुठेतरी लक्षात ठेवावी लागते, आणि साध्या ‘हे घडले तर ते कर’ नियमांना अशी स्मृती नसते. सेन्सरला जोडलेल्या छोट्या कंट्रोलरमध्ये ती ठेवणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर तक्त्यातल्या एका चौकटीत ‘इशारा दिला’ किंवा ‘नाही’ असे लिहून नियमाला प्रत्येक वेळी ती चौकट आधी वाचायला लावता येते.

याच ठिकाणी एक तत्त्व सांगणे आवश्यक आहे, कारण ते टाकीपुरते मर्यादित नाही. निर्णय शक्य तितका उपकरणाच्या जवळ घ्यावा आणि वेबसेवेकडे निरोप पोहोचवण्याचे व नोंद ठेवण्याचे काम द्यावे. टाकी भरल्यावर मोटर बंद होणे हे इंटरनेटवर कधीही सोपवू नये. ते काम टाकीतल्या फ्लोट स्विचने आणि स्टार्टरच्या पेटीने जागच्या जागी करावे, आणि खालच्या टाकीत पाणी नसताना मोटर कोरडी फिरू नये यासाठीचे संरक्षणही तिथेच असावे. राउटर बंद पडल्यामुळे संदेश गेला नाही तर गैरसोय होते. राउटर बंद पडल्यामुळे मोटर थांबली नाही तर गच्चीवरून पाण्याचे लोट वाहतात आणि मोटर जळण्याचीही भीती असते.

दुसरा धोका आकड्यांच्या रूपात लपलेला असतो. उपकरणाकडून वेबसेवेकडे जाणारी माहिती बहुधा जेसन या रचनेत असते. तिच्यात प्रत्येक बाबीचे नाव आणि तिचे मूल्य अशा जोड्या लिहिलेल्या असतात, उदाहरणार्थ ‘टाकी : बी विंग, पातळी : १८, एकक : टक्के’. या रचनेत संख्या अवतरणचिन्हांत लिहिली की ती संख्या राहत नाही, मजकूर होते. आणि मजकुराची तुलना अक्षरागणिक होत असल्यामुळे ९ हा ‘मजकूर’ ८० या ‘मजकुरा’पेक्षा मोठा ठरतो, कारण पहिल्या स्थानावरचा ९ हा ८ च्या पुढचा आहे. टाकीत ९ टक्के पाणी उरलेले असताना नियम गप्प राहतो तो अनेकदा या एका कारणामुळे. मराठी वापरकर्त्याने आणखी एक काळजी घ्यावी : जेसनमध्ये देवनागरी अंक संख्या म्हणून स्वीकारले जात नाहीत, त्यामुळे अर्जात कोणी देवनागरीत वय किंवा रक्कम लिहिली तर ती मजकूर म्हणूनच पुढे जाते. अर्जाच्या त्या रकान्यात केवळ संख्येचीच परवानगी ठेवली की हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही.

वेळेचेही तसेच आहे. बहुतेक वेबसेवा आतून जागतिक प्रमाणवेळ वापरतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून सकाळी ७ वाजता यायचा अहवाल दुपारी साडेबाराला येतो, आणि मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातल्या नोंदी आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतात. पाण्याचा रोजचा वापर काढताना ही चूक सहज ध्यानात येत नाही, कारण महिन्याची बेरीज जवळपास बरोबर असते आणि फक्त दिवसांचे आकडे सरकलेले असतात. त्यात तारीख आधी की महिना आधी हा घोळ मिसळला, तर ३ एप्रिलची नोंद ४ मार्चच्या नावावर जाते. खाते उघडल्याबरोबर कालविभाग कोलकाता असा निवडावा, आणि तारखा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने साठवाव्यात.

नोंदी किती वेळा पाठवायच्या हे ठरवताना हिशेब करून पाहावा. दर मिनिटाला एक वाचन पाठवले तर ३० दिवसांत ४३,२०० संदेश होतात, दर पंधरा मिनिटांनी पाठवले तर २,८८०, आणि झॅपियरसारख्या सेवेची मोफत योजना महिन्याला १०० कामांवर थांबते. टाकीची पातळी मिनिटामिनिटाला जाणून घेण्याची गरज कोणालाच नसते. कंट्रोलरने दर मिनिटाला वाचन घ्यावे, दोन रेषांचा निर्णय स्वतः करावा, तक्त्यात दिवसातून तीन-चार नोंदी पाठवाव्यात आणि इशारा मात्र त्या क्षणी द्यावा, ही वाटणी बहुतेक सोसायट्यांना पुरते.

संदेश कुठे पाठवायचा हाही विचाराचा भाग आहे. व्हॉट्सॲपवर स्वयंचलित संदेश पाठवण्याचा अधिकृत मार्ग व्यवसाय खात्यातून जातो आणि संस्थेने स्वतःहून पाठवायच्या संदेशांचे साचे आधी मंजूर करून घ्यावे लागतात. ते टाळून चोरवाटेने संदेश पाठवणारी साधने वापरली तर क्रमांकच बंद होण्याची शक्यता असते. टेलिग्रामचा बॉट, म्हणजे संदेश पाठवणारे स्वयंचलित खाते, काही मिनिटांत तयार होते. एसएमएसचा पर्याय निवडल्यास, संस्थात्मक संदेशांसाठी भारतात लागू असलेली प्रेषक-नोंदणी आणि संदेशसाच्यांची नोंदणी करावी लागते. शिवाय रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात तिथे देवनागरीत फक्त ७० मावतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हेही स्वतंत्र मोजली जातात. म्हणून मराठी इशारा मोजका लिहावा : ‘बी विंग टाकी १८ टक्के. मोटर तपासा.’ एवढ्यात सगळे सांगून होते.

गप्प राहणाऱ्या नियमाचा शोध

या सेवांच्या रचनेत एक मूलभूत उणीव आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. नियम काहीतरी घडल्यावर जागा होतो. काहीच न घडणे ही त्याच्या दृष्टीने घटना नसते. सेन्सरची तार उंदराने कुरतडली, वायफायचा पासवर्ड बदलला, कंट्रोलर उन्हाने बंद पडला, तर इशारा येत नाही, आणि इशारा न येणे हे टाकी भरलेली असण्यासारखेच दिसते. धोक्याची वेळ नेमकी तीच असते.

तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत दूरवरून देखरेख ठेवण्याच्या कामात हाच प्रश्न होता. त्या कामासाठी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तयार केलेल्या एमक्यूटीटी या संदेशपद्धतीत त्यावर सुंदर तोड काढलेली आहे. जोडणी करतानाच प्रत्येक उपकरण मध्यवर्ती यंत्रणेकडे एक अखेरचा संदेश ठेवते. उपकरण निरोप न घेता नाहीसे झाले, ठरलेल्या मुदतीत त्याची चाहूल लागली नाही, की ती यंत्रणा तो संदेश इतरांना पाठवून देते. आज घरगुती सेन्सरांतही ही पद्धत मोठ्या प्रमाणात वापरली जाते. उपकरण विकत घेताना किंवा कोणाकडून बनवून घेताना त्यात एमक्यूटीटीची सोय आहे का आणि हा अखेरचा संदेश भरलेला आहे का, हे आवर्जून विचारावे.

ती सोय नसेल तर उलट्या बाजूने पहारा उभा करता येतो. उपकरणाने दर तासाला ‘चालू आहे’ अशी खूण पाठवावी, आणि दोन तास खूण न मिळाल्यास ओरडणारी वेगळी सेवा नेमावी. अशा कामासाठी स्वतंत्र वेबसेवा मिळतात आणि लहान वापरासाठी त्या बहुधा मोफत असतात. ही पहारा देणारी सेवा मूळ नियम चालवणाऱ्या सेवेपेक्षा निराळी असणे महत्त्वाचे, कारण एकच सेवा बंद पडली तर नियम आणि पहारेकरी दोघेही एकदमच जातात. ‘सर्व ठीक’ असा रोजचा संदेश पाठवून वेळ मारून नेणे उपयोगाचे ठरत नाही. आठवड्याभरात तो वाचला जात नाही आणि एखाद्या दिवशी आला नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

निरोप हरवण्याइतकाच तो दोनदा येण्याचाही संभव धरावा. वेबहुक पाठवणाऱ्या सेवेला समोरून पोच मिळाली नाही तर ती तोच निरोप पुन्हा पाठवते, आणि पहिला निरोप पोहोचलेला असून फक्त पोच वाटेत हरवलेली असेल तर नोंद दोनदा होते. पाण्याच्या नोंदीत याने काही बिघडत नाही. देखभाल शुल्काच्या पावतीत बिघडते. पैशांशी संबंध असलेल्या प्रत्येक नियमात व्यवहार क्रमांक आधी तक्त्यात शोधावा आणि तो नसेल तरच पुढे जावे. दोन दिनदर्शिका किंवा दोन तक्ते परस्परांशी दुहेरी जोडताना, एकीकडचा बदल दुसरीकडे आणि दुसरीकडचा पुन्हा पहिलीकडे असे न संपणारे चक्र सुरू होऊ शकते. तिथे एक बाजू मूळ मानून दुसरीकडे केवळ नक्कल जाऊ द्यावी.

परवानग्यांचे भान

मधल्या सेवेला ईमेल, तक्ते, दिनदर्शिका किंवा घरातले दिवे यांच्यापर्यंत पोहोचू देण्यासाठी आज बहुतेक ठिकाणी ओऑथ ही पद्धत वापरतात. तिची सध्या प्रचलित असलेली दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाणित झाली. या पद्धतीत पासवर्ड मधल्या सेवेला दिला जात नाही. मूळ सेवा वापरकर्त्याला विचारून एक टोकन, म्हणजे ठरावीक अधिकारांची डिजिटल चिठ्ठी, तयार करते आणि ती मधल्या सेवेच्या हाती ठेवते. मालमत्तेच्या व्यवहारात कुलमुखत्यारपत्र आणि एकाच कामापुरते दिलेले मुखत्यारपत्र यांत जो फरक असतो, तोच फरक ‘सर्व ईमेल वाचणे, पाठवणे आणि पुसणे’ आणि ‘फक्त या एका तक्त्यात ओळ घालणे’ या परवानग्यांत असतो. परवानगीचा पडदा समोर आल्यावर बहुतेक लोक न वाचता पुढे जातात. त्या पडद्यावरच्या चार ओळी वाचण्यासाठी दिलेले अर्धे मिनिट हे सगळ्या जोडणीतले सर्वांत मोलाचे असते.

सोसायटी, शाळा, वाचनालय किंवा छोटा व्यवसाय यांच्या जोडण्या कोणाही व्यक्तीच्या खासगी खात्यावर उभ्या करू नयेत. सचिवांच्या वैयक्तिक ईमेलवर नियम उभा राहिला की सचिव बदलले, त्यांनी पासवर्ड बदलला किंवा खाते बंद केले, की नियम मरतो; आणि त्याहून वाईट म्हणजे नियम चालू राहिला तर माजी सचिवांच्या खात्यात सभासदांची माहिती साचत राहते. संस्थेच्या नावाचे वेगळे खाते काढावे, त्याला दुहेरी पडताळणी लावावी आणि त्या खात्यात संस्थेच्या कामाखेरीज काहीही ठेवू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून व्यक्तीचा घरगुती वापर वगळलेला आहे, परंतु पाहुण्यांचे फोन क्रमांक किंवा कॅमेऱ्यातली चित्रे संस्थेच्या वतीने गोळा करणे हा घरगुती वापर नव्हे. म्हणून कामापुरतीच माहिती घ्यावी आणि ती किती दिवसांनी पुसली जाईल हे आधीच ठरवावे.

वेबहुकचा पत्ता हाच अनेकदा गुप्त किल्लीचे काम करतो. तो ज्याच्या हाती लागेल तो खोटी खबर पाठवू शकतो. मदत मागण्यासाठी पडद्याचे छायाचित्र गटावर टाकताना हा पत्ता झाकावा, आणि तो उघड झाल्याची शंका आली तरी लगेच नवा काढावा. उपकरणाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे ही जुनी सूचना आहे, तरी ती पुन्हा द्यावी लागते. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर प्रचंड संख्येने ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या साह्याने डाइन या कंपनीवर झालेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे तासन् तास बंद राहिली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा त्या हल्ल्यात सामील आहे याची कल्पनाही नव्हती.

वीज गेली आणि आली

भारतातल्या वापरकर्त्याने परदेशी मार्गदर्शिकांत क्वचितच आढळणारी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे वीज परत आल्यावर उपकरण कोणत्या अवस्थेत उठते. स्मार्ट प्लगमध्ये ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘आधीची अवस्था’ असे तीन पर्याय बहुधा असतात. गिझर, इस्त्री, शेगडी यांच्यासाठी ‘बंद’ हाच पर्याय ठेवावा. शीतकपाट आणि राउटर यांच्यासाठी ‘चालू’. प्लगवर लिहिलेली ॲम्पिअरची मर्यादा पाहावी, कारण १० ॲम्पिअरच्या प्लगवर मोठा गिझर चालवणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते, म्हणून ती कधीही थेट स्मार्ट प्लगला न जोडता स्टार्टरमधल्या काँटॅक्टरमार्फत जोडावी, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे.

आपोआप सुरू होण्याचा परिणाम एका घरापुरता राहत नाही, हे महाराष्ट्रातल्या शेतीपंपांनी दाखवून दिले आहे. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेमुळे शेतकऱ्याने पंपाला ऑटो स्विच लावणे स्वाभाविक आहे. तथापि, वीज येताच एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले तर रोहित्रावर एकदम ताण येऊन ते जळते आणि मग सगळ्याच शेतकऱ्यांचे पाणी थांबते. महावितरणने ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवण्याचे आवाहन वारंवार केले आहे ते याचसाठी. मोबाइलवरून पंप सुरू करण्याची सोय वापरणाऱ्यांनी निदान वीज आल्यानंतर काही मिनिटांचा विलंब ठेवावा, आणि शेजाऱ्यांनी आपापसांत निरनिराळे विलंब ठरवून घेतले तर फार उत्तम. नियमात ‘थांब’ ही पायरी घालणे तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक आहे, पण गावाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे.

राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडणे आणि उपकरण घेण्यापूर्वी ते वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालते की नाही हे पाहणे, या दोन लहान बाबीही पुष्कळ मनस्ताप वाचवतात. स्वस्त उपकरणांपैकी अनेक फक्त याच पट्ट्यावर चालतात आणि ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यात ती दिसतच नाहीत.

अंदाज बांधणारी पायरी

अलीकडे या सेवांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची पायरी घालता येते : आलेली तक्रार वाचून ती नळाची आहे की लिफ्टची हे ओळखणे, लांब पत्राचा सारांश करणे, मराठी मजकुराचा इंग्रजी गोषवारा देणे. ही सोय खरोखरच उपयोगी आहे. मात्र नियमाच्या इतर पायऱ्या तेच दिले तर तेच उत्तर देतात आणि ही पायरी अंदाज बांधते, हा फरक विसरू नये. तिच्यानंतर वर्गीकरण, मसुदा किंवा सूचना अशा, चुकल्यास दुरुस्त करता येणाऱ्या कृती ठेवाव्यात. पैसे पाठवणे, नोंद पुसणे, कुलूप उघडणे, सर्व सभासदांना पत्र पाठवणे अशा परत न घेता येणाऱ्या कृतींपूर्वी माणसाच्या मंजुरीची पायरी घालावी. ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी दोन बटणे असलेला संदेश जबाबदार व्यक्तीकडे पाठवण्याची सोय अनेक सेवांत आहे.

सेवा बंद पडते तेव्हा

याहू पाइप्स २०१५ मध्ये बंद झाली. घरातील उपकरणे एकत्र चालवणारे रिव्हॉल्व्ह हे यंत्र, ते बनवणारी कंपनी नेस्टने विकत घेतल्यानंतर, मे २०१६ मध्ये कायमचे निकामी करण्यात आले. यंत्र बिघडलेले नव्हते, केवळ त्याच्यामागचा सर्व्हर बंद केला गेला होता. २०१९ मध्ये गूगलच्या नव्या नियमांमुळे आयएफटीटीटीवरील जीमेलचे ट्रिगर गेले, आणि ईमेल आल्यावर चालणारे असंख्य नियम एका रात्रीत थांबले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद पडले, तेव्हा ज्यांनी घरातच स्वतःची नियंत्रणव्यवस्था ठेवली होती त्यांचे दिवे मात्र पूर्वीसारखे चालत राहिले.

म्हणून खरेदीच्या वेळी उपकरणाचा कस लावण्याची एक सोपी रीत सांगता येते : राउटर चालू ठेवून त्याला येणारी इंटरनेटची तार काढावी आणि ॲपवरून उपकरण चालते का ते पाहावे. चालले तर त्याचे नियंत्रण घरातच होते. थांबले तर त्या उपकरणाचे आयुष्य बनवणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले मॅटर हे प्रमाण, ज्यामागे ॲपल, गूगल, ॲमेझॉन आणि सॅमसंग या परस्परांच्या स्पर्धक कंपन्या एकत्र आल्या, घरातल्या घरात चालणाऱ्या अशा नियंत्रणावरच आधारलेले आहे. नवे दिवे किंवा प्लग घेताना त्याचे चिन्ह पाहणे हिताचे. थोडी तांत्रिक आवड असलेल्या व्यक्तीने जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर होम असिस्टंट बसवून महत्त्वाचे नियम घरात आणावेत आणि बाहेरच्या वेबसेवांकडे संदेश व तक्त्यांपुरते काम ठेवावे. ज्यांना ही देखभाल जमणार नाही त्यांनी तिचा अट्टहास धरू नये, कारण कोणीही अद्ययावत न केलेला घरचा सर्व्हर हा चांगल्या चाललेल्या बाहेरच्या सेवेपेक्षा अधिक धोक्याचा असतो.

संस्थेच्या प्रत्येक नियमाची नोंद कागदाच्या वहीत ठेवावी : नियमाचे काम, तो कोणत्या सेवेवर व कोणत्या खात्यावर आहे, त्याला काय काय परवानग्या दिल्या आहेत, इशारा कोणाला जातो आणि नियम थांबल्यास हाताने काय करायचे. समिती बदलते तेव्हा हिशेबाच्या वह्यांबरोबर ही वहीही नव्या समितीकडे द्यावी, जुन्या सभासदांच्या फोनवरची प्रवेशाची सोय काढावी आणि वापरात नसलेल्या परवानग्या मूळ खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन रद्द कराव्यात. मधल्या सेवेतला नियम पुसल्याने परवानगी आपोआप रद्द होत नाही. तीन महिन्यांतून एकदा वॉचमनला आधी सांगून सेन्सरचा वीजपुरवठा दोन-तीन तास बंद ठेवावा आणि ‘चालू आहे’ ही खूण थांबल्याचा संदेश कोणाच्या फोनवर, किती वेळाने येतो, हे वहीत तारखेनिशी लिहावे.